स्वस्त शहराची किंमत

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

सोलापुरात पाहुणा आला की दोन दिवसांत एक वाक्य हमखास बोलतो. ‘‘तुमचं सोलापूर बाकी स्वस्त आहे हो!’’ रिक्षाचं भाडं, घरभाडं, खानावळीतलं ताट, डॉक्टरांची फी, सगळंच त्याला पुण्यापेक्षा कमी वाटतं. आपण खूश होतो आणि जाताना त्याच्या हातात एक चादर आणि शेंगाचटणीची पुडी ठेवतो. मीही पुष्कळ वर्षं असाच खूश होत असे. अलीकडे मात्र हे वाक्य ऐकलं की मन थोडं खट्टू होतं. का होतं, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

मी काही अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही. १९७३ ते २०११ अशी अडतीस वर्षं एका बँकेत काढली. त्यातली बरीचशी लहान उद्योगांच्या कर्जाच्या फायली तपासण्यात गेली. बदल्यांमुळे तीन शहरं जवळून पाहिली. एक माझं सोलापूर. दुसरं औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचं छत्रपती संभाजीनगर. आणि तिसरं तमिळनाडूतलं तिरुप्पूर. बँकेचा माणूस दोन ताळेबंद शेजारी ठेवल्याशिवाय मत देत नाही. तसे हे तीन ताळेबंद आपण शेजारी ठेवून पाहू.

सुरुवात अर्थातच घरापासून. १८६० मध्ये सोलापुरात रेल्वे आली आणि १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली. तिलाच आपण पुढं ‘जुनी गिरणी’ म्हणू लागलो. ते साल लक्षात ठेवा. १८७६-७७ चा तो भयंकर दुष्काळ. खेड्यापाड्यांतून माणसं पोटासाठी शहरात येत होती. पलीकडे तेलंगणातून पद्मशाली विणकर हातमाग घेऊन येत होते. म्हणजे या शहराच्या उद्योगाचा पाया रचला गेला तो रेल्वे, कापूस आणि स्वस्त मजूर या तीन गोष्टींवर. पुढं रेल्वे सगळीकडे झाली. कापूस कुठूनही कुठंही जाऊ लागला. आपल्याकडे खास म्हणण्यासारखं उरलं ते तिसरंच.

माझे वडील जुन्या गिरणीत साच्यावर होते. ऑगस्ट १९४९ मध्ये मालकांनी गिरणी बंद केली. जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली. भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. आपली राज्यघटना नुकतीच अमलात आली होती. सोलापूरच्या गिरणीवरून झालेले ते निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावे लागतात. आमच्या घरात मात्र त्या काळाची आठवण वेगळी आहे. आई सांगायची, त्या महिन्यांत चूल पेटली ती तिनं वळलेल्या बिड्यांवर. गिरणी थांबली की बाईनं सूप मांडीवर घ्यायचं, ही या शहराची जुनी रीत आहे.

पुढं शतक संपेपर्यंत गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. पण सोलापूर बसून राहिलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. घराघरांत, पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग आले. जेकार्डच्या नक्षीची चादर आणि टेरी टॉवेल देशभर गेले, टॉवेल परदेशीही गेले. भौगोलिक निर्देशांक मिळवणाऱ्या महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या वस्तूंत आपली चादर आहे. काम कधीच संपलं नाही. मग अडलं कुठं?

आता दुसरा ताळेबंद. १९६१ च्या जनगणनेत सोलापूरची वस्ती ३ लाख ३७ हजार होती. औरंगाबाद तेव्हा लाखाच्या आतबाहेर. आपण तिप्पट मोठे. २००१ मध्ये काय झालं पाहा. सोलापूर ८ लाख ७२ हजार ४७८ आणि औरंगाबाद ८ लाख ७३ हजार ३११. आपली १९९२ ची हद्दवाढ धरूनही दोघांत हजार माणसांचादेखील फरक नाही! आणि पुढच्या दहा वर्षांत, म्हणजे २०११ पर्यंत, ते ११ लाख ७५ हजारांवर गेलं आणि आपण ९ लाख ५१ हजारांवर राहिलो. त्याच काळात नाशिक पावणेअकरा लाखांवरून जवळपास पंधरा लाखांवर पोचलं.

शहर फुगलं म्हणजे सुखी झालं असं मी म्हणत नाही. पण दहा वर्षांत आपली वाढ नऊ टक्के. जन्म आणि मृत्यू यांच्या हिशेबानंच शहर याहून जास्त वाढायला हवं. याचा सरळ अर्थ असा, की येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त होते. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पण रविवारी रात्री सोलापूर स्टेशनवर किंवा पुण्याच्या बसथांब्यावर उभं राहिलं, की आकड्याची गरज राहत नाही.

काही लोक म्हणतात, पाण्यानं घात केला. उजनी धरण जिल्ह्यात असून आपण वर्षानुवर्षं तीन-चार दिवसांआड पाणी भरलं, हे खरंच. पण संभाजीनगरकरांना विचारा. जायकवाडीसारखं मोठं धरण हाकेच्या अंतरावर असून त्यांच्याही नळाची तीच रड. पाण्याची अडचण खरी आहे, पण दोन्हीकडे सारखी असलेली अडचण दोघांतल्या फरकाचं कारण होऊ शकत नाही.

फरक मी वाळूजला पाहिला. १९८५ मध्ये तिथं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. माझी बदली झाली १९८७ मध्ये. एक तरुण कर्जदार होता. आयटीआय झालेला, भाड्याच्या गाळ्यात एक लेथ मशीन टाकून दुचाकीचे लहान सुटे भाग करायचा. एका संध्याकाळी तो बँकेत येऊन खुर्चीवर नुसता बसून राहिला. सगळा माल परत आला होता. माप केसाइतकं चुकलं होतं. मला वाटलं, कर्ज बुडालं! पण माल परत पाठवणाऱ्यांनी चूक कुठं झाली ते मोजून दाखवलं होतं. तो गेज वापरायला शिकला, कागदावर नोंदी ठेवायला शिकला. दोन वर्षांत त्यानं दुसरं यंत्र घेतलं. त्याच्याकडे काम शिकलेल्या पोरानं पलीकडच्या गल्लीत स्वतःचा गाळा घेतला.

तेव्हा मला आईच्या बिड्या आठवल्या. बिडी कारखान्यातही माल नाकारला जातो. बाई दिवसभरात हजार बिड्या वळून नेते, तिथला माणूस त्यातल्या काही बाजूला काढतो. त्याला ‘छाट’ म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत. पण त्या छाटीतून बाई काय शिकते? काही नाही. बिडी पन्नास वर्षांपूर्वी जशी वळली जात होती तशीच आज वळली जाते. वाळूजला नाकारलेल्या मालानं माणूस एक पायरी वर गेला. इथं नाकारलेल्या मालानं फक्त त्या दिवसाची मजुरी कमी झाली.

श्रोतेहो, मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. शहरात किती हातांना काम आहे हा एक प्रश्न झाला. त्या कामातून उद्या थोडं वरचं, थोड्या जास्त मोलाचं काम मिळतं की नाही, हा दुसरा. सोलापूर पहिल्या प्रश्नात नेहमी पास झालं. आपण मागे राहिलो ते दुसऱ्यात.

संभाजीनगरचं सगळंच आलबेल आहे असं नाही. मोठ्या कारखान्यांच्या आधारानं वाढणाऱ्या शहराला त्या कारखान्यांचा धक्काही बसतो. ज्या व्हिडिओकॉननं तिथल्या हजारो घरांत पगार नेला, ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण तोवर शहरात माप कळणारी माणसं तयार झाली होती. ती एका कंपनीच्या मालकीची नव्हती. म्हणून पुढं शेंद्रा आणि बिडकीन इथं नवे उद्योग येऊ शकले.

कुणी म्हणेल, औरंगाबादला मोठा कारखाना मिळाला, आम्हांला मिळाला नाही, नशिबाचा भाग. म्हणून मी तिरुप्पूरची गोष्ट सांगतो. तिथं मी १९९४ ते ९७ होतो. हे गाव आपल्याच जातकुळीतलं. धुळीचं, उन्हाचं, टँकरच्या पाण्याचं. धंदाही कापडाचाच. कुणी मोठा कारखानदार बाहेरून आला नव्हता. माझ्या कर्जदारांतले कितीतरी जण आधी शेतकरी होते, काही तर बनियनच्या कारखान्यात मजूर होते. पण त्यांनी सूत विणून विकणं एवढ्यावर धंदा थांबवला नाही. विणाई, रंगाई, कटिंग, शिलाई, छपाई, पॅकिंग, सगळं एकाच गावात आणलं. गावातून कापड नाही, तर खोक्यात घातलेला तयार टी-शर्ट बाहेर पडायचा. निर्यातदारांनी १९९० मध्येच आपली संघटना बांधली होती. पुढं राज्य सरकारबरोबर भागीदारी करून त्यांनी भवानी नदीचं पाणी गावात आणलं. २००५ मध्ये जगातला कापडव्यापाराचा कोटा संपला, तेव्हा ते तयार होते. आज त्या शहराची निर्यात वर्षाला तीस हजार कोटी रुपयांच्या वर आहे.

या ताळेबंदाची डावी बाजूही वाचली पाहिजे. त्या गावानं आपली नोय्यल नदी रंगाच्या पाण्यानं मारली. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांच्या विहिरी नासल्या. ते न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं सातशेहून अधिक रंगाईचे कारखाने बंद झाले. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची यंत्रणा उभारल्यावरच ते पुन्हा सुरू होऊ शकले. म्हणजे वरची पायरी फुकट मिळत नाही. तिची किंमत आधी मोजली नाही तर नंतर व्याजासह मोजावी लागते. तिरुप्पूरकडून शिकायचं तर या दोन्ही गोष्टी शिकायच्या.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. १९९९ मध्ये मी सोलापूरला परत आलो. त्याच वर्षी एप्रिलपासून केंद्र सरकारची कापड उद्योगासाठी तंत्रज्ञान सुधारणा योजना सुरू झाली होती. नव्या यंत्रांच्या कर्जावर व्याजात पाच टक्क्यांची सवलत. एके दिवशी एक यंत्रमागधारक आले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. बरोबर त्यांचा मुलगा. दोघांचे दोन प्रस्ताव होते. अण्णांना भिवंडीहून आठ जुने माग आणायचे होते. मुलाला रेपियर माग हवे होते, आणि त्याला जोडून लहानसं शिलाई युनिट. टॉवेलचं कापड विकण्याऐवजी त्याचे बाथरोब शिवून निर्यात करायचे, असा त्याचा बेत होता.

तिरुप्पूरची तीन वर्षं डोळ्यांसमोर असलेला माणूस मी! पण खुर्चीत बसल्यावर मी बँकेचेच प्रश्न विचारले. ऑर्डर हातात आहे का? तारण काय? असे माग चालवणारा कारागीर इथं मिळेल का? पोराकडे उत्तरं अर्धवट होती. अण्णांकडे मात्र एकच उत्तर होतं, आणि ते बिनतोड होतं. ‘‘साहेब, जुना माग स्वस्त, शेड घरची, आणि मजूर इथं स्वस्त मिळतो.’’ मी आठ जुन्या मागांचं कर्ज मंजूर केलं. एकही हप्ता चुकला नाही. बँकेच्या लेखी ते खातं उत्तम होतं.

काही वर्षांनी बाजारात पानिपतची मिंक ब्लँकेटं आली. हलकी, मऊ, रंगीत. त्यातच दुसरीकडे विणलेली नकली ‘सोलापुरी’ चादर आली. अण्णांकडे या दोन्हींशी झगडायचा एकच मार्ग होता, आणखी स्वस्त विकायचं. आणखी स्वस्त विकायचं म्हणजे मजुरी वाढवायची नाही. मजुरी वाढेना म्हणून चांगले कारागीर गेले. कारागीर गेले म्हणून नवा माग घेण्याची हिंमत उरली नाही. शेवटी ते आठही माग भंगाराच्या भावानं गेले. मुलगा पुण्यात एका गोदामात सुपरवायझर आहे. तो भेटला की आदरानं बोलतो, त्या दिवसाचा विषय काढत नाही. मीच मनात काढतो. मजूर स्वस्त असणं हे मी त्या दिवशी कर्जासाठी तारण म्हणून धरलं होतं. प्रत्यक्षात ती त्या धंद्याची खोट होती. मजूर स्वस्त असला की मालकाला यंत्र बदलावंसं वाटत नाही, बँकेला धोका घ्यावासा वाटत नाही, आणि मजुराच्या पोराला इथं राहावंसं वाटत नाही.

म्हणून ‘सोलापूर स्वस्त आहे’ हे वाक्य मला टोचतं. खानावळीतलं ताट स्वस्त असतं, कारण वाढणाऱ्याचा पगार कमी असतो. रिक्षा स्वस्त, कारण बसणाऱ्याच्या खिशात तेवढेच असतात.

चित्र सगळंच काळं आहे का? मुळीच नाही. जगातल्या मोठ्या मोटार कंपन्यांच्या इंजिनांना लागणारे कॅमशाफ्ट आपल्या सोलापूरची प्रिसिजन कंपनी बनवते. तिथं मापाची चूक चालत नाही, आणि ते काम इथलीच मुलं करतात. म्हणजे इथल्या मातीत काही दोष नाही. शिवलेल्या गणवेशांच्या धंद्यात शहरानं नाव काढलं आहे, आणि २०१७ पासून त्यासाठी खास प्रदर्शनं भरली. कलबुर्गी, विजयपूर, लातूर, धाराशिवचे रुग्ण उपचारांसाठी इथं येतात. २००६ मध्ये कुंभारीला बिडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत झाली. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरमध्ये असंघटित कामगारांना पंधरा हजार घरं मिळाली. कष्टकऱ्यांनी लढून स्वतःचं पक्कं घर मिळवलं, अशी उदाहरणं देशात फार नाहीत. डोक्यावर छप्पर आलं. आता त्या छपराखालच्या हातांना वरचं काम हवं.

आपण नेहमी रस्ता मागतो, विमान मागतो. पुण्याचा रस्ता चौपदरी झाला. २०२३ मध्ये वंदे भारत गाडी आली. त्याच वर्षी विमानासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्यावरून शहर दोन बाजूंना वाटलं गेलं, आणि २०२५ मध्ये विमान उडालं. हे सगळं हवंच होतं. पण रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. इथं चांगलं काम असेल तर त्यावरून उद्योग येतो, नसेल तर त्याच रस्त्यानं पोरं अधिक लवकर जातात.

मग करायचं काय? माझ्या अनुभवातून दोनच गोष्टी सुचवतो. पहिली बिडी कामगार बायकांसाठी. त्यांना शिवणकाम शिकवण्याचे वर्ग निघतात. वर्ग फुकट असतो, पण ती बाई वर्गात बसली तर त्या दिवसाच्या हजार बिड्यांची मजुरी बुडते. तीन महिने मजुरी बुडवणं तिला परवडणार कसं? तेव्हा शिकण्याच्या काळात तिला रोजच्या मजुरीइतकी रक्कम द्या. शिकवणीपेक्षा त्या पैशाची गरज मोठी आहे. दुसरी गोष्ट बँकांसाठी. लहान यंत्रमागधारकाला एकट्यानं रंगाईची आधुनिक सोय, सांडपाण्याची यंत्रणा, नक्षीचं संगणकीय काम परवडणार नाही. दहा-वीस जणांनी मिळून ते उभारावं आणि बँकेनं त्या गटाकडे तारणाच्या पलीकडे जाऊन पाहावं. आणि त्यांच्या कर्जाच्या अर्जात ‘इथं मजुरी कमी आहे’ असं लिहिलेलं दिसलं, तर माझ्यासारखं मान डोलावण्याऐवजी त्यावर लाल पेन्सिलीनं खूण करावी.

शेवटी एक ताजी गोष्ट. आमच्या शेजारी एक अक्का राहतात. चाळीस वर्षं बिड्या वळल्या, त्यावर घर चालवलं, नात इंजिनिअर केली. नातीला दोन ठिकाणी नोकरी चालून आली. सोलापुरात पंधरा हजार, पुण्यात तीस. अक्का मला म्हणाल्या, ‘‘अण्णा, ती तुमचं ऐकते. तुम्ही थांब म्हणालात तर थांबेल.’’ पोर समोर उभी होती. तिनं विचारलं, ‘‘आजोबा, पुण्यात खोलीभाडं आणि खाणं जाऊन हातात उरणार इथल्याइतकंच. मग राहू का इथं?’’

हिशेब तिचा बरोबर होता. मी तिला एकच विचारलं, ‘‘पाच वर्षांनी तुझ्या हातात कोणतं काम असेल? इथं आणि तिथं?’’ तिनं थोडा विचार केला आणि काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तिला गाडीत बसवायला अक्कांबरोबर मीही स्टेशनवर गेलो होतो.

मी तिला ‘थांब’ म्हणू शकलो नाही. पुढच्या मुलीला तसं म्हणता यावं, एवढीच माझी इच्छा आहे.